एक विहीर, पाच वाटा

विद्यार्थिमित्रांनो, समोर एक विहीर आहे असे समजा. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात विहिरीची कल्पना करायला कोणाला फार त्रास पडू नये. कठड्यापासून पाण्यापर्यंत ही विहीर किती खोल आहे, ते तुम्हांला सांगायचे आहे. जवळ सुतळीचा एक गुंडा आहे, एक मीटरची पट्टी आहे, एखादा जड लोखंडी नट आहे, दोनचार खडे आहेत आणि सेकंद मोजता येतील असे घड्याळ आहे, मोबाईलमधले चालेल. आता सांगा, खोली कशी काढाल? आणि एका रीतीने नव्हे, पाच रीतींनी. पुढे वाचण्यापूर्वी मासिक मिटवा आणि सुचेल ते वहीत लिहा. घाई नाही.

बाभुळगावला अकरावीच्या वर्गात हा प्रश्न मी बहुतेक दर वर्षी घालतो. पहिली काही मिनिटे वर्ग अगदी गप्प असतो. मग कोणी तरी विचारतो, "सर, हे कोणत्या धड्यात आहे?" कोणत्याच धड्यात नाही, असे सांगितले की वर्ग आणखी गप्प होतो. हुशार म्हणून नावाजलेली मुले तर जास्तच. पहिले उत्तर बहुधा मागच्या बाकावरून येते, आणि ते देणारा मुलगा घरच्या विहिरीवर रोज पाणी काढणारा असतो. "दोराला बादली बांधून सोडायची, पाण्याला टेकली की खूण करायची, न् दोर हातानं मोजायचा." झाली की पहिली वाट! ती बरोबर आहे, आणि तिला एकही सूत्र लागलेले नाही.

एकदा कोंडी फुटली की उत्तरे येऊ लागतात. विहीर दगडाने बांधलेली असेल तर दगडांचे थर मोजा, एका थराची उंची काढा आणि गुणाकार करा. ही दुसरी वाट. खडा सोडा आणि 'डुबुक्' आवाज किती वेळाने येतो ते पाहा. ही तिसरी. चौथी आणि पाचवी वाट सुचायला मात्र वेळ लागतो. त्या आपण जरा सावकाश पाहू.

खडा, डोळा आणि लंबक

आधी खडा. (पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत खडे टाकू नका आणि कोणत्याही विहिरीजवळ मोठ्या माणसाला सोबत घेतल्याशिवाय जाऊ नका. हा नियम या लेखातल्या प्रत्येक प्रयोगाला लागू आहे.) मोकळा सोडलेला खडा किती खाली गेला, हे काढायचे तर सेकंदांचा वर्ग करून त्याला ४.९ ने गुणावे. उत्तर मीटरमध्ये येते. समजा, आवाज १.६ सेकंदांनी आला. त्यांतले सुमारे ०.०३५ सेकंद आवाजाला वर यायला लागले. ते वजा करून हिशेब केला तर खोली येते १२ मीटर. छान!

पण घड्याळाची कळ दाबायला आपल्या बोटाला थोडा उशीर होतोच. ही चूक ०.२ सेकंद आहे असे धरा. १.६ ऐवजी १.८ सेकंद मोजले गेले तर उत्तर येते १५ मीटरांच्या वर, आणि १.४ मोजले गेले तर येते केवळ ९ मीटर. वाट बरोबर, सूत्र बरोबर, पण उत्तरावर भरवसा ठेवता येत नाही.

आता डोळा. कठड्याच्या मागे ताठ उभे राहा. कठड्याच्या आतल्या कडेवरून नजर खाली टाकली की समोरच्या बाजूचा पाण्याचा काठ जिथे नेमका दिसू लागेल, तिथे थांबा. तुमचा डोळा कठड्याच्या वर ९० सेंटिमीटर आणि आतल्या कडेपासून मागे ४५ सेंटिमीटर आहे असे समजा. म्हणजे नजरेची रेषा जितकी आडवी जाते त्याच्या दुप्पट खाली उतरते. विहिरीचा व्यास ६ मीटर असेल तर खोली त्याच्या दुप्पट, म्हणजे १२ मीटर. हे तर नववी-दहावीच्या भूमितीतले समरूप त्रिकोण! ४५ सेंटिमीटर मोजताना २ सेंटिमीटरांची चूक झाली तर उत्तर सुमारे अर्ध्या मीटरने चुकेल. खड्यापेक्षा ही वाट पुष्कळ बरी.

पाचवी वाट लंबकाची. रहाटाचे चाक ज्या आडव्या लाकडाला टांगलेले असते, त्याला सुतळी बांधा. खालच्या टोकाला नट बांधून तो पाण्याला टेकेल न टेकेल इतका सोडा. आता त्याला हलकासा झोका द्या. इकडून तिकडे जाऊन पुन्हा इकडे, असे एक आंदोलन. अशी दहा आंदोलने मोजा. एवढा लांब लंबक मोठ्या ऐटीत, सावकाश डोलतो. समजा, दहा आंदोलनांना ६९.५ सेकंद लागले. एका आंदोलनाला ६.९५ सेकंद. याचा वर्ग करून त्याला ०.२४८ ने गुणा, उत्तर येते सुमारे १२ मीटर. लंबकाची लांबी आंदोलनकालाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्याचाच हा हिशेब आहे.

आणि आता गंमत पाहा. तेच घड्याळ, तेच बोट, तीच ०.२ सेकंदांची चूक. पण इथे ती चूक दहा आंदोलनांत वाटली गेली. ६९.५ ऐवजी ६९.७ सेकंद मोजले गेले तरी उत्तर सुमारे ७ सेंटिमीटरनेच बदलते. खड्याच्या वाटेवर ज्या चुकीने तीन मीटरचा घोटाळा केला, तिला लंबकाने वीतभरही सरकू दिले नाही.

हे सांगून झाले की वर्गात कोणी तरी हमखास म्हणतो, "सर, मंग ते सुतळीच मोजून टाकू ना!" सगळा वर्ग हसतो. पण बोलणारा अगदी बरोबर आहे. सुतळी मोजणे सर्वांत सोपे. पट्टी हाताशी नसेल तेव्हा मात्र घड्याळच पट्टीचे काम करते, ही लंबकाची खरी करामत आहे. उलटही खरे आहे. पट्टी आहे, घड्याळ नाही, अशा वेळी सुमारे ९९.३ सेंटिमीटर लांबीचा लंबक टांगा. तो एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायला एक सेकंद घेतो. लंबकाच्या या शिस्तीवरच ख्रिश्चन हायगेन्झ या डच शास्त्रज्ञाने १६५६ मध्ये लंबकाचे घड्याळ तयार केले.

याला सर्जनशील विचार म्हणतात

तुम्ही म्हणाल, हे तर भौतिकशास्त्र झाले. सर्जनशीलता म्हणजे कविता, चित्रे, नाटक! तसे नाही. १९५० मध्ये जे. पी. गिलफर्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांपुढे एक भाषण केले. सर्जनशीलतेचा अभ्यास मानसशास्त्राने फारच थोडा केला आहे, असे त्याने त्यात दाखवून दिले. पुढे त्याने विचाराचे दोन प्रकार वेगळे केले. एका प्रकारात अनेक गोष्टींवरून आपण एका बरोबर उत्तरापाशी येतो. दुसऱ्यात एका प्रश्नापासून निघून अनेक दिशांना जातो. पहिल्याला एककेंद्री आणि दुसऱ्याला बहुदिश विचार म्हणू या. आपल्या बहुतेक परीक्षा पहिल्या प्रकाराची कसोटी घेतात. विहिरीचा प्रश्न दोन्हींची घेतो: आधी पाच वाटा शोधायच्या, आणि मग त्यांतली कोणती भरवशाची हे हिशेबाने ठरवायचे.

वाट सुचण्यासाठी आधी काही ठाऊक असावे लागते, हेही ध्यानात घ्या. समरूप त्रिकोण ज्याने शिकलेले नाहीत त्याला डोळ्याची वाट दिसणार नाही. लंबकाचा नियम माहीत नसलेल्याला पाचवी वाट कशी सुचावी? तेव्हा "पाठ्यपुस्तक बाजूला ठेवा आणि मोकळा विचार करा" हा उपदेश अर्धाच खरा आहे. पुस्तकातले ज्ञान हे अवजार आहे. ते पेटीत बंद ठेवायचे की वेगवेगळ्या कामांना वापरून पाहायचे, एवढाच प्रश्न आहे.

अलेक्झांडर कालँड्रा नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाची एक कथा १९६८ मध्ये एका साप्ताहिकात आली होती. वायुभारमापकाच्या साहाय्याने इमारतीची उंची कशी काढाल, या प्रश्नाला तीतला विद्यार्थी ठरावीक उत्तर सोडून अनेक उत्तरे देतो. कधी तो वायुभारमापक दोरीने खाली सोडतो, कधी त्याची सावली मोजतो, कधी त्याचाच लंबक करतो. ठरावीक उत्तर त्याला येत असते. त्याच त्या पद्धतीने विचार करण्याचा त्याला कंटाळा आलेला असतो. आपली विहीर ही त्याच कुळातली आहे. फक्त वायुभारमापक आणि उंच इमारत यांची तिला गरज नाही.

आत्मविश्वास कोठून येतो?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. आपल्या जिल्ह्याचे नाव वर्तमानपत्रात बरेचदा दुःखाच्या बातमीतच येते. कापूस, पाऊस आणि कर्ज यांचा हिशेब घरी न जुळलेला पाहतच इथली पुष्कळ मुले शाळेत येतात. त्यांतल्या कित्येकांनी गणित आणि विज्ञान या विषयांपुढे केव्हाच हात टेकलेले असतात. "आपल्याले हे जमत नाही" हे वाक्य पाचवी-सहावीत एकदा मनात बसले की दहावीपर्यंत ते पक्के होते. त्यापायी पुढची किती दारे बंद होतात, हे शिक्षकांना सांगायला नको. अशा मुलाला आपण सांगतो, "आत्मविश्वास ठेव!" पण ठेवायला तो आधी हाती यावा लागतो.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये याचा नीट विचार मांडला. 'हे काम मला जमेल' ही भावना त्याच्या मते चार ठिकाणांहून येते: स्वतः काम पार पाडल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच दुसऱ्याला ते पार पाडताना पाहणे, इतरांनी दिलेला धीर आणि त्या वेळची शरीराची व मनाची अवस्था. या चारांत पहिले ठिकाण सर्वांत बळकट. धीराच्या शब्दांचाही उपयोग होतो, पण पाठीशी अनुभव नसेल तर पहिल्याच अपयशात ते शब्द उडून जातात.

विहिरीच्या प्रश्नाचे मोल इथे आहे. एकच उत्तर असलेल्या प्रश्नात वर्गातला एक मुलगा जिंकतो आणि बाकीचे पाहत बसतात. पाच वाटा असलेल्या प्रश्नात दोर मोजणाऱ्यालाही जागा असते, थर मोजणाऱ्यालाही आणि लंबक टांगणाऱ्यालाही. शिवाय उत्तर बरोबर की चूक, हे सरांच्या चेहऱ्याकडे पाहून ठरवावे लागत नाही. दोराने ११.९ मीटर आले आणि लंबकाने १२ आले, की दोन्ही वाटा एकमेकींची साक्ष देतात. 'मी काढलेले उत्तर खरे आहे, आणि ते खरे का आहे हे मला सांगता येते' हा अनुभव ज्याला एकदा आला, त्याच्या मनातले ते जुने वाक्य ढिले पडू लागते.

बक्षिसांविषयीही एक गोष्ट सांगतो. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रे काढायची मुळात आवड असलेल्या काही मुलांना "चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल" असे आधी सांगण्यात आले. काहींना न सांगता नंतर दिले आणि काहींना दिलेच नाही. पुढे मोकळ्या वेळात पाहिले, तर आधी आमिष दाखवलेली मुले इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रे काढीत होती. ज्या कामात मुळातच गोडी आहे त्यापुढे बक्षीस टांगले की मुलांचे लक्ष कामावरून उडून बक्षिसाकडे जाते.

सातपुड्यापलीकडे आणि अलीकडे

हे सारे परदेशातले, आपल्या शाळांत कसे चालणार? चाललेले आहे. सातपुड्याच्या पलीकडे मध्य प्रदेशात १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत एक विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी तो सुरू केला आणि पुढे १९८२ पासून 'एकलव्य' या संस्थेने सांभाळला. सहावी ते आठवीची मुले चौघाचौघांच्या टोळ्यांनी प्रयोग करीत आणि निष्कर्ष स्वतः काढीत. परीक्षेत पुस्तक उघडून बघायला परवानगी असे, कारण प्रश्न पाठांतराचे नसत. प्रयोगाचीही परीक्षा असे. मुलांच्या मनातल्या प्रश्नांसाठी 'सवालीराम' नावाचे एक काल्पनिक पात्र होते. मुले त्याला पत्रे लिहीत आणि त्यांना उत्तरे मिळत! २००२ मध्ये सरकारने हा कार्यक्रम बंद केला. पण सरकारी शाळांत, साध्या खेड्यांत, हे तीस वर्षे चालले.

या कार्यक्रमातच १९७८ मध्ये अरविंद गुप्ता नावाचा एक तरुण अभियंता पुण्याच्या कारखान्यातून रजा घेऊन गेला. आठवडी बाजारात सायकलच्या व्हॉल्वची बारीक रबरी नळी त्याला दिसली. तिचे तुकडे सांधे म्हणून वापरून त्याने आगपेटीच्या काड्या जोडल्या आणि भूमितीच्या आकृत्या तयार केल्या. तुम्हीही करून पाहा. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र लगेच तिरपा होतो. टिनाच्या छपराखालच्या कैच्यांत त्रिकोण का असतात, हे दोन मिनिटांत बोटांना कळते. पुढे २००३ ते २०१४ या काळात गुप्ता यांनी पुण्याच्या आयुका या संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत मुलांसाठी टाकाऊ वस्तूंची असंख्य खेळणी केली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मुंबईत १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झाले. त्या केंद्राच्या व्ही. जी. कुलकर्णी आणि एस. सी. आगरकर यांनी महानगरपालिकेच्या शाळांतील वंचित समाजातल्या विद्यार्थ्यांबरोबर काम केले आणि १९८५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. मुले मागे पडतात ती बुद्धी कमी म्हणून नव्हे. पुस्तकाची भाषा त्यांना अवघड जाते आणि प्रश्न विचारण्याची संधी मिळत नाही. हे अडथळे दूर करता येतात, आणि केले की मुले पुढे येतात, असे या केंद्राच्या कामातून दिसून आले.

शिक्षकबंधुभगिनींसाठी

सर्जनशील विचार शिकवता येतो का, असे मला पुष्कळदा विचारतात. लंबक शिकवतो तसे धडा म्हणून शिकवता येणार नाही, पण सवय म्हणून लावता येते. आठवड्यातून एक तास पुरे. प्रश्न असा घ्यावा की त्याला अनेक वाटा असतील आणि उत्तर मोजून पडताळता येईल. पहिल्या पंधरा मिनिटांत येईल ते उत्तर फळ्यावर लिहावे. चांगले-वाईट काहीही म्हणू नये. हसण्याजोगे उत्तरही लिहावे, कारण पुष्कळदा त्याच्याच आधाराने पुढचे चांगले उत्तर सुचते. दोष काढण्याची पाळी नंतर. मग गटांनी एकेक वाट घेऊन प्रत्यक्ष मोजावे आणि उत्तराबरोबर 'चूक किती असू शकेल' तेही लिहावे. ही शेवटची पायरी गाळू नका. 'चुकले' या शब्दाची मुलांना भीती वाटते. तीच चूक 'साडेबारा, अर्धा मीटर इकडेतिकडे' अशी आकड्यात आली की तिचा धाक जातो आणि ती कमी कशी करावी याचा विचार सुरू होतो.

अभ्यासक्रम कसा पुरा होणार, ही काळजी मला ठाऊक आहे. विहिरीच्या एका प्रश्नात मुक्त पतन, ध्वनीचा वेग, समरूप त्रिकोण, सरल आंदोलन आणि मापनातील त्रुटी अशी पाच प्रकरणे येऊन जातात. वेळ वाया जात नाही.

आता तुमची पाळी

मित्रांनो, खाली चार प्रश्न देतो. यांची उत्तरे मुद्दाम छापलेली नाहीत.

१) तुमच्या वहीच्या एका कागदाची जाडी साध्या पट्टीने कशी मोजाल? (लंबकाने चूक दहांत वाटून टाकली होती, ते आठवा.)

२) शाळेजवळच्या बाभळीची उंची झाडावर न चढता काढा. निदान तीन वाटा हव्यात, आणि त्यांतली एक ढगाळ दिवशीही चालली पाहिजे.

३) एक किलो कापसात रुई किती आणि सरकी किती? सगळा कापूस न पिंजता याचा अंदाज कसा कराल? तो किती भरवशाचा आहे, हे घरच्यांना कसे पटवून द्याल?

४) बेंबळा धरणाच्या कालव्यात पाणी सोडलेले असताना त्याचा वेग काठावरूनच, पाण्यात न उतरता, कसा मोजाल? पाणी मध्यभागी आणि काठाशी सारख्याच वेगाने वाहते का?

प्रत्येक प्रश्नाला निदान दोन वाटा शोधा, दोन्हींनी मोजा आणि उत्तरे शेजारी-शेजारी लिहा. ती जुळली तर आनंद आहेच. जुळली नाहीत तर जास्त आनंद माना, कारण तिथे तुमच्या हाती एक नवा प्रश्न लागलेला आहे: दोघींतली कोणती चुकते आहे, आणि का?